घरातली वचनाची बैठक: सुरुवात कशी करावी आणि ती कशी टिकवावी

ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागा ओळखू येत नाहीत. आठ दिवसांपूर्वी जिथे हिरवा मांडव होता तिथे तारेवर नुसत्या तपकिरी काड्या उरतात. बागायतदार काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटीच्या गाठींना, ते फुटावेत म्हणून पेस्ट लावतो आणि थांबतो. दहा-बारा दिवसांनी डोळा फुगतो, फुटतो, आणि पुढे कोवळ्या फुटीत बोटाच्या पेराएवढा घड दिसायला लागतो. आपल्यासारख्या शहरातल्या माणसाला वाटतं, घड आत्ताच तयार झाला. बागायतदाराला ठाऊक असतं की हा घड एप्रिल छाटणीनंतर, उन्हाळ्यात काडी पक्व होत असतानाच डोळ्याच्या आत धरलेला होता. इतके महिने तो कुणाला दिसला नव्हता, एवढंच.

मार्काच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात, २६ ते २९ या चार वचनांत, प्रभू येशूने सांगितलेला एक दाखला आहे. तो बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत सापडत नाही. माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजतं, वाढतं. कसं, ते त्याला कळत नाही. जमीन आपणहून पीक देते: आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. देवाचं राज्य असं आहे, असं प्रभू म्हणतात.

नाशिकमध्ये शरणपूरजवळच्या आमच्या घरी आठवड्यातून एकदा वचनाची बैठक भरते, म्हणजे चार माणसं मिळून बायबलमधला थोडा भाग वाचतात आणि त्यावर बोलतात. ती चालवताना जे शिकायला मिळालं ते इथे सविस्तर लिहिते आहे. कुणाला आपल्या गल्लीत, सोसायटीत किंवा कंपनीच्या क्वार्टर्समध्ये अशी बैठक सुरू करायची असेल, तर त्यांना उपयोग व्हावा.

आधी ‘राज्य’ म्हणजे काय ते समजून घ्या

‘राज्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सीमा, किल्ले, गादी येते. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेया’ आहे आणि त्याचा भर राजाची सत्ता चालण्यावर आहे. म्हणजे एखाद्या घरात देवाच्या मनासारखं घडायला लागलं, रागाची जागा क्षमेनं घेतली, खोटा हिशेब बंद झाला, की तिथे त्याचं राज्य आलं. हे आधी मनात नीट बसायला हवं, कारण राज्य म्हणजे डोकी मोजणं असं समजलं की माणूस पुढच्या प्रत्येक पायरीवर घाई करतो.

प्रेषितांची कृत्ये वाचताना एक गोष्ट बघा. ते पुस्तक लिहिणारा लूक तीन ठिकाणी (६:७, १२:२४ आणि १९:२०) सांगतो की देवाचं वचन वाढत गेलं, पसरत गेलं. प्रेषित मोठे झाले असं तो म्हणत नाही. वाढण्याचं काम वचनाचं आहे. पौलानेही करिंथकरांना हेच लिहिलं: मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला. मग आपल्या वाट्याला काय येतं? बी चांगलं निवडायचं, त्यात भेसळ करायची नाही, वेळेवर पेरायचं आणि उकरून बघायचं नाही.

पहिले चाळीस दिवस एकट्याने वाचा

कुणालाही बोलावण्याआधी मार्काचं शुभवर्तमान स्वतः तीन वेळा वाचून काढा. सोळाच अध्याय आहेत. पहिल्यांदा कथा म्हणून सलग, दुसऱ्यांदा रोज एक अध्याय, तिसऱ्यांदा हातात वही घेऊन. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: मला काय कळलं नाही, आणि मला काय टोचलं. जे स्वतःला कधी टोचलं नाही ते दुसऱ्याला वाचून दाखवताना आवाज पोकळ येतो, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

मोठ्याने वाचायची सवय याच काळात करा. मराठी पवित्र शास्त्रातली वाक्यं लांब असतात. कुठे थांबायचं हे ठरवलं नाही तर अर्थ वाहून जातो. मी पेन्सिलीने उभ्या रेघा मारून ठेवते.

कोणतं पुस्तक घ्यायचं

बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक प्रोटेस्टंट घरांत असतंच. त्याची भाषा थोडी जुनी वाटते, पण कानाला गोड आहे आणि पाठ करायला सोपी. नवख्यांसाठी सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवा. कॅथलिक कुटुंब येणार असेल तर त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत आणि आपल्यात ६६, हे माहीत असू द्या. पहिल्याच दिवशी त्यावरून वाद नको. चारही शुभवर्तमानं दोघांची एकच आहेत.

सोपी मराठी म्हणजे हलकी मराठी, असं कुणी म्हणालं तर मी पंडिता रमाबाईंची आठवण देते. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी केडगावात संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं वेचली आणि १९२२ मध्ये जाण्याआधी ते काम पुरं केलं. संस्कृतच्या पंडितेनं साध्या भाषेसाठी एवढे कष्ट घेतले.

जागा, दिवस आणि माणसं

पाच ते आठ माणसं पुरेत. बारा झाली की चौघंच बोलतात. जमिनीवर सतरंजी घाला, म्हणजे खुर्ची कुणाला द्यायची हा प्रश्नच राहत नाही. फक्त गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी एक ठेवा.

दिवस विचार करून ठरवा. आम्ही पहिल्या वर्षी गुरुवार धरला. शेजारच्या काकूंना यायचं होतं, पण त्यांचा गुरुवारचा उपवास, आणि मार्गशीर्षात तर घरी घट मांडलेला. आम्ही त्यांना न विचारता दिवस ठरवला ही आमची चूक होती. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार, मंगळवारी कुणाचा गणपतीचा उपवास. शेवटी शुक्रवारी साडेसात ठरलं. बोलावताना स्पष्ट सांगा: “आम्ही येशूचं चरित्र थोडं थोडं वाचतो, त्यावर बोलतो, तासाभरात संपतं. ऐकायला या.” जेवणाचं निमित्त काढून बोलवायचं आणि मग बायबल काढायचं, हे मला अजिबात पटत नाही. माणसाला आपण कशासाठी बसलोय हे आल्या क्षणी माहीत असलं पाहिजे.

प्रत्यक्ष तास

याच भागात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा तपशिलात सांगते.

सुरुवात एका गीताने करा. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातलं एखादं जुनं पद घ्या, शक्यतो अभंगाच्या चालीचं. नारायण वामन टिळकांची पदं यासाठी फार चांगली, कारण ओवी-अभंगाचा ठेका प्रत्येक मराठी कानाच्या ओळखीचा असतो. त्यांच्याही पुष्कळ आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा ओवीत सांगितली होती, तेव्हा आपण काही नवं करत नाही. गीतानंतर दोन वाक्यांची प्रार्थना. लांब प्रार्थना नव्या माणसाला परकी वाटते.

मग वाचन. दहा ते पंधरा वचनं, त्यापेक्षा जास्त नाही. पहिल्यांदा तुम्ही वाचा, दुसऱ्यांदा गटातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचू द्या. दुसऱ्या वाचनात अडखळणं होतं, आणि अडखळलेल्या जागीच बहुतेक वेळा खरा प्रश्न निघतो. दोन्ही वाचनं झाली की पुस्तक मिटवून कुणीतरी तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. काही राहिलं तर बाकीच्यांनी भरायचं. ही पायरी गाळू नका. गोष्ट तोंडी सांगता आली म्हणजे ती माणसाबरोबर घरी जाते, बसमध्ये जाते, बागेत द्राक्षं विरळणीच्या कामावर जाते.

त्यानंतर चार प्रश्न, दर आठवड्याला तेच: यात देव कसा दिसतो? माणूस कसा दिसतो? आपल्याला काय खटकलं? या आठवड्यात आपण काय करायचं? प्रश्न विचारून गप्प बसा. मनातल्या मनात वीस आकडे मोजा. ती शांतता जड वाटते, पण ती भरायला तुम्ही बोललात की बैठकीचं प्रवचन होतं.

मी हे चुकून शिकले. पहिल्याच बैठकीला पेरणाऱ्याचा दाखला घेतला होता. वाटेवर पडलेलं बी, खडकाळीवरचं, काट्यांतलं, चांगल्या जमिनीतलं. तीसपट, साठपट, शंभरपट. मी पाऊण तास बोलले. काकू घड्याळाकडे बघत होत्या, त्यांचा नातू क्लासवरून यायचा होता. त्या पुढे सहा महिने आल्या नाहीत. परत आल्या तेव्हा मी तोच दाखला नुसता वाचला आणि विचारलं, “काकू, काय वाटलं?” त्या म्हणाल्या, “काट्यांतलं माझं आहे. सकाळी उठल्यापासून चिंता. देवाचं नाव घ्यायला बसते आणि गॅस आठवतो.” माझ्या पाऊण तासात एवढं खरं एक वाक्य नव्हतं.

अडणारे शब्द

काही शब्द आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, इतके वापरतो की ते बाहेरच्या माणसाला कळत नाहीत हे लक्षातच येत नाही. त्यांची यादी करा आणि प्रत्येकाला घरगुती पर्याय शोधा. ‘पश्चात्ताप’ म्हणजे हळहळ असं लोक समजतात. मी “चाललेली वाट सोडून मागे वळणं” म्हणते. ‘तारण’ म्हणजे पापातून सुटका, पण तो शब्द ऐकला की बँकेत गहाण टाकलेलं सोनं आठवतं. एका तरुणाने मला खरोखरच विचारलं होतं की देवाकडे काय तारण ठेवायचं. मी त्याला म्हटलं, गहाण पडलेलं सोनं दुसऱ्या कुणी पैसे भरून सोडवून आणलं तर कसं वाटेल? उपमा पुरती बसत नाही हे मलाही कळतं, पण त्याला दार उघडलं. ‘कृपा’ म्हणजे कमाई नसताना मिळालेलं. ‘पाप’ या शब्दावर मात्र घाई नको. माणसाने आधी येशूला पापी लोकांच्या पंगतीला जेवताना बघू दे (मार्क २:१५), मग तो शब्द अंगावर येत नाही.

प्रश्न आले तर

प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात फिलिप्प कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाच्या, अधिकाऱ्याच्या रथापाशी धावत जातो. तो अधिकारी यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो. फिलिप्प पहिलं वाक्य बोलतो ते प्रश्नाचं: वाचताय ते समजतंय का? अधिकारी म्हणतो, कुणी मार्ग दाखवल्याशिवाय कसं समजणार? मग फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसतो, आणि तो जे वाचत होता तिथूनच सुरुवात करतो. यात सगळं शिक्षण आहे. समोरचा जिथे आहे तिथून सुरुवात करा.

उत्तर येत नसेल तर “पुढच्या शुक्रवारी सांगते” म्हणा, वहीत लिहा, पाळकांना विचारा आणि खरंच सांगा. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहिलं म्हणून लूक त्यांचं कौतुक करतो. आपलं कुणी पडताळलं तर वाईट वाटायला नको. आणि दुसऱ्याच्या देवाविषयी, व्रताविषयी एकही उणा शब्द नको. आपण रामकुंडाच्या, त्र्यंबकच्या जिल्ह्यात राहतो. शेजाऱ्याची श्रद्धा हा त्याच्या घराचा उंबरठा आहे. पेत्राने आपल्या आशेविषयी सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला सांगितलं आहे.

न ओलांडायच्या रेषा

राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं या हक्कात येतं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. बैठक चालवणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं.

पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आजार बरा होईल, नोकरी लागेल, शाळेची फी भरू, असं सांगून कुणाला बसवायचं नाही. आई-वडिलांना विचारल्याशिवाय लहान मुलांना बसवायचं नाही. कुणाला मदत करायची तर जरूर करा, पण ती बैठकीला येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोघांनाही सारखी करा. कुणी यायचं थांबलं तर त्याच्या घरी चहाला जाणं थांबवू नका. आमिषाने आलेला माणूस वचनासाठी आलेलाच नसतो. भेसळीचं बी उगवतच नाही.

मधले सहा दिवस

व्हॉट्सअॅप ग्रुप काढला तर सोमवारी एकच वचन टाका, शुक्रवारी वाचलेल्यातलं. सकाळ-संध्याकाळ फुलांच्या चित्रांवर वचनं टाकली की लोक आवाज बंद करून ठेवतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना स्वतः वाचून रेकॉर्ड केलेला आवाज पाठवा, दोन मिनिटांचा. पेठ-सुरगाण्याकडून कामासाठी आलेल्या कुटुंबांत घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलतात. त्यांना पुस्तकी मराठीपेक्षा सावकाश सांगितलेली गोष्ट जास्त पोचते.

थांबायचं किती?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तरादाखल मी दोन गोष्टी सांगते, दोन्ही नाशिकच्या.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या. त्यांच्या यजमानांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. ते ती वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना मात्र तो निर्णय घ्यायला आणखी पाच वर्षं लागली, आणि त्या आपल्या पायांनी, आपल्या विचाराने तिथवर आल्या. ज्या प्रवाशाने पुस्तक दिलं, तो आपल्या वाटेने निघून गेला.

दुसरी गोष्ट शरणपूरची. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वस्ती उभी केली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इथल्या आश्रमात ठेवून शिकवलं. त्यांतला एक जेकब वेनराइट. पुढे तो आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शोधमोहिमेबरोबर गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा चितांबोच्या गावी, झाडाखाली त्यांचं हृदय पुरताना, दफनविधीची प्रार्थना वाचली ती या जेकबने. पुढच्या वर्षी देह लंडनला पोचला तेव्हाही तो बरोबर होता. १८७५च्या सुमारास शरणपूरची कितीतरी आफ्रिकन माणसं मोंबासाजवळच्या फ्रिअरटाऊनला गेली आणि तिथल्या मंडळीचा पाया झाली. शरणपूरच्या वर्गात त्या मुलाला अक्षरं गिरवायला लावणाऱ्या मास्तरांना यातलं काय दिसलं असेल? त्या दिवशी त्यांना फक्त पाटी दिसली असेल.

तेव्हा वर्ष झालं, दोन झाली, कुणात बदल दिसला नाही, तर बैठक बंद करायचं कारण नाही. वाचन नीट होतंय का, प्रार्थनेत त्या माणसांची नावं आहेत का, एवढं तपासा.

सोपवून देणं

पौल तीमथ्याला म्हणतो, माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपवून दे, म्हणजे ती इतरांना शिकवतील (२ तीमथ्य २:२). पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, इतर: एका वचनात चार पिढ्या. त्या तीमथ्याला तरी विश्वास कुठून मिळाला? आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून, घरातच.

म्हणून सहाव्या महिन्यापासून वाचन दुसऱ्याकडे द्या, नवव्या महिन्यापासून प्रश्न विचारणंही. तुम्ही भिंतीला टेकून बसा. वाचताना चुकलं तर लगेच सुधारू नका, शेवटी सांगा. पण सुधारा जरूर, कारण आपल्या शब्दांत सांगणं आणि मजकूर बदलणं यांत फरक आहे.

आमच्याकडे एक आजी येतात, आयुष्यभर बागांमध्ये कामाला गेलेल्या, वाचता येत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातली हरवलेल्या नाण्याची गोष्ट त्यांना फार आवडली. बाई दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते, मग शेजारणींना बोलावून आनंद करते. त्यांनी ती बागेतल्या बायकांना सांगितली, पण नाण्याच्या जागी नाकातली मोरणी घातली. गोष्ट अशी रंगली की बायका डबे उघडायच्या विसरल्या. मला त्यांनी ते आनंदाने सांगितलं. मी म्हटलं, आजी, मोरणी सांगा, छान आहे, पण शेवटी ‘पुस्तकात नाणं आहे, दहा होती, त्यातलं एक हरवलं’ एवढंही सांगा. म्हणजे कुणी पुढे पुस्तक उघडलं तर त्याला वाटायला नको की आजींनी मनचं सांगितलं. त्या विचारात पडल्या. “बरोबर आहे,” म्हणाल्या, “दहांतलं एक. नऊ होतीच की तिच्याकडे, तरी झाडत बसली.”

गेल्या महिन्यात वाचनाची पाळी त्यांच्या सातवीतल्या नातवाची होती. तोच भाग. त्याने वाचलं, पुस्तक मिटवलं आणि आपल्या शब्दांत सांगायला लागला: एक बाई होती, तिचं नाणं हरवलं. आजी खुर्चीत डोळे मिटून ऐकत होत्या. डोळे न उघडताच त्यांनी हात वर केला.

“दहा होती. दहा म्हणाला नाहीस. पहिल्यापासून सांग.”